आधी किडनी, मग प्रवचन : केरळचे फादर डेव्हिस चिरमेल

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

दादाचं डायलिसिस चालू होतं तेव्हाची गोष्ट. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी किलोत मोजायचं. दिवसाला सगळं मिळून लिटरभरच प्यायचं, त्यात चहा, वरण, ताकसुद्धा धरायचं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून टीव्ही बघत बसायचा. डाव्या मनगटाच्या वर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला एकमेकींना जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलेली होती. तिला कान लावला की आत मांजर गुरगुरतंय असं वाटायचं. पुतणी रोज झोपायच्या आधी येऊन "मांजर जागं आहे ना" म्हणून बघून जायची.

त्या युनिटमधली एक सिस्टर त्रिशूरची. सुया टोचताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवायला ती सतत काहीतरी बोलत असायची. तिच्या तोंडून मी फादर डेव्हिस चिरमेल हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "आमच्याकडे एक अच्चन, म्हणजे फादर, आहे, त्यानं स्वतःची किडनी दिली." मी अर्थात विचारलं, कुणाला, भावाला? "नाही, गावातल्या एका हिंदू माणसाला."

नंतर शोधून वाचलं. २००९ साल, त्रिशूर जिल्ह्यातलं वाडानप्पळ्ळी. गावातल्या त्या माणसाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या आणि घरची परिस्थिती बेताची. त्याच्या उपचारासाठी पैसे उभे करणाऱ्यांत फादरही होते. पैसे कसेबसे जमतीलही, पण किडनी कुठून आणायची, इथे गाडं अडलं. तेव्हा फादरनी स्वतःचीच देऊ केली. त्याच वर्षी त्यांनी 'किडनी फेडरेशन ऑफ इंडिया' काढली आणि तेव्हापासून जातील तिथे अवयवदानावर बोलतात.

पुढची कडी आणखी भारी आहे. व्ही-गार्ड स्टॅबिलायझर माहीत असेल, त्या कंपनीचे संस्थापक कोचौसेप चिट्टिलप्पिळ्ळी. त्यांनी २०११ मध्ये, साठीच्या घरात असताना, एका ट्रक ड्रायव्हरला किडनी दिली. अट एकच होती, त्या ड्रायव्हरच्या घरच्यांपैकी कुणीतरी तिसऱ्या माणसाला द्यायची. म्हणजे साखळी. मग २०१६ मध्ये पाला धर्मप्रांताचे सहायक बिशप जेकब मुरिकन यांनी तिशीतल्या एका हिंदू तरुणाला किडनी दिली. बिशपपदावर असताना असं करणारे जगातले पहिलेच, असं तेव्हा छापून आलं होतं. हे बिशप २०२२ मध्ये पद सोडून डोंगरात एकांतवासात राहायला गेले. (हा माणूस स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

मी देवधर्म करणारा नाही. पण उपदेश करणाऱ्यांचा मोठा अनुभव आहे, आणि या माणसानं क्रम उलटा लावला हे मला विसरता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? आपल्याकडे कुणा महाराजांनी, कीर्तनकारांनी असं काही केलं असेल तर तेही सांगा.

---

टवाळ_टिटवी

चांगला धागा. पहिल्या पाच प्रतिसादांत कुणी दधीची आणला नाही तर माझ्याकडून सगळ्यांना कटिंग.

---

चष्मिष्ट

दधीची ऋषींनी तर हाडं दिली होती...

(कटिंग वाचवल्याबद्दल आभार मानू नका, टिटवीताई.)

---

पोटमाळा

शंका घेतो त्याबद्दल माफी. दोन प्रश्न आहेत.

एक, धर्मगुरूनं परधर्मातल्या माणसाला किडनी देणं आणि मग संस्था काढून फिरणं, यात प्रचाराचा भाग किती? दोन, हे बिनीचे लोक एकेकच किडनी देणार. दुसरी द्यायची सोय देवानं ठेवलेली नाही. रांगेत हजारो लोक आहेत. मग याचा उपयोग टाळ्यांपलीकडे काय?

आणि हो, चर्चची एवढी बाजू घेताय म्हणून सांगतो, खुद्द पोप बेनेडिक्टचं अवयवदानाचं कार्ड पोप झाल्यावर रद्द झालं होतं. व्हॅटिकननंच २०११ मध्ये सांगितलं तसं. गंमत आहे.

---

निर्मळकर

पोटमाळा, मी वसईचा, जन्मानं कॅथलिक, त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजतो.

बेनेडिक्टची गोष्ट खरी आहे. कार्डिनल असताना ते स्वतः सांगायचे की माझ्याकडे दात्याचं कार्ड आहे. पोप झाल्यावर त्याचा उपयोग उरला नाही, कारण पोपचा देह सगळ्या चर्चचा मानतात, तो अखंड पुरायचा. पण म्हणून चर्च अवयवदानाच्या विरोधात आहे असं नाही. पायस बारावे १९५६ मध्येच नेत्रदानाच्या बाजूनं बोलले होते. जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात अवयवदानाला रोजच्या जगण्यातली मोठी कृती म्हटलं, आणि २००० मध्ये रोमला भरलेल्या प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत जाऊन बोलले. दोन अटी मात्र पक्क्या. विक्री नको आणि जबरदस्ती नको.

खरी अडचण रोममध्ये नाही, आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांत आहे. माझी आजी नेत्रदानाचं नाव काढलं की म्हणायची, शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा मी आंधळी उठू काय? आमच्या धर्मग्रामातले एक फादर घरी आले होते, त्यांच्यापुढे तिनं हाच प्रश्न टाकला. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, आजी, गोव्याला जाऊन आलात ना? सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव बघितलंत? त्यांचा उजवा हात कुठाय? आजीला ठाऊक होतं, हात रोमला नेलाय, १६१४ सालीच. फादर म्हणाले, मग संत शेवटच्या दिवशी थोटा उठणार का? आजी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, त्यांना देव देईल. "मग तुम्हाला नाही देणार?"

आजीचे डोळे दिले. गेल्यापासून सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून डोळ्यांच्या बँकेची माणसं आधी आली, शेजारी मागून.

प्रचाराचं म्हणाल तर मला एवढंच दिसतं : किडनी देऊन कुणाचं नाव बदललं असतं तर आतापर्यंत बातमी झाली असती.

---

टवाळ_टिटवी

तो हाताचा मुद्दा जबरदस्त. कटिंग तुम्हाला एकट्याला.

---

वकीलकाका

पोटमाळांचा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यासाठी कायदा काय म्हणतो ते समजून घ्यायला हवं, कारण अनोळखी माणसाला किडनी देणं वाटतं तितकं सोपं नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, २०११ मध्ये मोठी दुरुस्ती, नियम २०१४ चे. जिवंतपणी द्यायची तर जवळचे नातेवाईक : नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं. याबाहेरचा कुणी देणार असेल तर स्नेहापोटी किंवा विशेष कारणासाठी देतोय हे प्राधिकार समितीला पटवून द्यावं लागतं. समिती दोघांना बोलावते, उलटतपासणी घेते, त्याचं चित्रीकरण होतं. कारण उघड आहे. या देशात गरिबाची किडनी श्रीमंताला विकण्याचा धंदा जोरात चालला होता, त्यावर कायदा आणला. व्यवहार सापडला तर पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड.

म्हणजे फादर असोत की उद्योगपती, त्यांना "पैसे घेतलेले नाहीत" हे सिद्ध करावं लागतं. या समित्यांना फुकट देणारा माणूस बघायची सवयच नसते. मला वाटतं फादरच्या कामाचा खरा उपयोग इथे आहे. एरवी संशयानं बघायची गोष्ट माणूस सरळ मनानंही करू शकतो, याचा दाखला त्यांनी ठेवला.

दुरुस्तीत अदलाबदलीचीही सोय आहे. म्हणजे माझी किडनी माझ्या बायकोला जुळत नाही, तुमची तुमच्या नवऱ्याला जुळत नाही, पण आडवी जुळते, तर दोन्ही शस्त्रक्रिया करता येतात. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं, विचारा.

अवांतर : आपल्याकडचं पहिलं हृदय प्रत्यारोपण मुंबईत, केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केलं होतं. केपटाऊनला बर्नार्डनी जगातलं पहिलं केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा मेंदूमृत्यूचा, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडला की माणूस गेला असं धरणारा, कायदाच नव्हता. राष्ट्रपतींची सही जुलै १९९४ ला झाली आणि एम्समध्ये पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ ला. कायदा नुसता कागद नसतो तो असा.

---

रात्रपाळी

मी एका रुग्णालयात अवयव प्रत्यारोपण समन्वयक आहे. शहर, रुग्णालय सांगणार नाही.

फादरबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, जिवंत माणसाच्या दानावर आपण जरा जास्तच भाळतो. एक मेंदूमृत दाता दोन किडन्या, यकृत, हृदय, फुप्फुसं, स्वादुपिंड देऊ शकतो. आपल्याकडे २०२३ मध्ये अठरा हजारांवर प्रत्यारोपणं झाली. दहा वर्षांपूर्वी ती पाच हजारांच्या आत होती, म्हणजे वाढ मोठी आहे. पण त्या वर्षी मृत्यूनंतरचे दाते होते जेमतेम अकराशे. एवढ्या मोठ्या देशात. बाकी सगळं कुणाच्या तरी आईच्या, बायकोच्या पोटातून आलेलं.

आणि ते अकराशेसुद्धा कसे मिळतात ते ऐका. पंचविशीतला मुलगा, दुचाकी घसरलेली, हेल्मेट नाही. चार डॉक्टरांचं पॅनेल सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं. डोळ्यांत उजेड टाकतात, बाहुली हलत नाही. व्हेंटिलेटर बाजूला करून नुसता ऑक्सिजन देतात आणि सगळे छातीकडे बघत उभे राहतात. छाती उचलत नाही. कायद्यानं तो गेला. पण व्हेंटिलेटर परत लावला की छाती वरखाली होते, हात गरम लागतो, मॉनिटरवर नाडी दिसते. अशा मुलाच्या बापासमोर जाऊन मला बसायचं असतं.

मी पहिल्यांदा अवयवांचं काढतच नाही. आधी तो गेलाय हे त्यांना कळू देते. "मशीन काढलं तर?" हा प्रश्न त्यांच्याकडून आला की मगच पुढचं. बाप बहुतेक वेळा रडत असतो आणि ऐकत असतो. अडतं कुठे माहितीय? फोनवर. गावाहून कुणीतरी काका फोन करतो, "त्याला फाडू देऊ नका." तो काका मुलाला वर्षातून एकदा गणपतीत भेटलेला असतो. पण त्या क्षणी त्याच्याच शब्दाला वजन येतं, कारण मुलाची इच्छा काय होती हे घरात कुणालाच माहीत नसतं.

पाकिटात कार्ड असलं तरी आपल्याकडे नातेवाईकांची संमती लागतेच. हृदय काढल्यापासून चार-सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडायला लागावं लागतं, यकृताला साधारण बारा तास, किडनीला एक दिवस. त्या काकाचं मन वळवायला आमच्याकडे तेवढा वेळ नसतो.

म्हणून फादरसारखे लोक मला हवे आहेत ते किडनीसाठी नाही. गावातला तो काका ज्याचं ऐकतो, अशा माणसानं आधीच बोलून ठेवलेलं असावं यासाठी. माझं कोण ऐकणार, मी तर "हॉस्पिटलची बाई".

---

पोटमाळा

ताई, हा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा दुसरा प्रश्न मागे घेतो. पहिला अर्धा.

---

चष्मिष्ट

अर्धा म्हणजे एक किडनी ठेवली म्हणा की.

---

सांजवात

सगळ्यांनी फादरचं कौतुक केलं, मीही करते. आता एक टोचणारं बोलू का?

रात्रपाळीताईंनी जाता जाता म्हटलंय, "कुणाच्या तरी आईच्या, बायकोच्या पोटातून". तिथेच थांबा जरा. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बहुतेक बायका असतात आणि अवयव मिळणाऱ्यांत बहुतेक पुरुष. हे सरकारी आकड्यांवरून अनेकदा छापून आलंय. नवऱ्याला किडनी हवी तर बायको पुढे. बायकोला हवी तर तिची आई पुढे, नाहीतर डायलिसिस, नाहीतर काहीच नाही. "तो कमावता आहे ना" हे कारण. ती घरात जे राबते ते कमावणं नाही.

फादरनी एका अनोळखी माणसाला किडनी दिली तर त्यांच्यावर लेख लिहिले गेले, ते त्या लायकीचेच आहेत. त्याच महिन्यात देशात कितीतरी बायकांनी दिली, त्यांना डिस्चार्जनंतर आठव्या दिवशी पोळ्या लाटायला लागल्या. कर्तव्य केलं की त्यागाचं नाव निघतं का?

फादरना विचारायला बायको नव्हती, सासू नव्हती, "पोरांचं कसं होणार" म्हणणारं कुणी नव्हतं. मी हे त्यांचं श्रेय कमी करायला म्हणत नाहीये. पण निर्णय स्वतःच्या देहाचा स्वतः घेणं ही चैन असते, आणि ती चैन किती जणींना मिळते?

मधलीसुट्टी, तुमच्या दादाचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. किडनी मिळाली का? कुणी दिली?

---

वकीलकाका

सांजवातताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे समित्यांपुढे येणाऱ्या कागदांत "स्वेच्छेने" हा शब्द बायकांच्या अर्जांवर इतक्यांदा वाचलाय की त्याचा अर्थच गेला.

---

मधलीसुट्टी

सांजवात, तुमचा प्रश्न काल दुपारी वाचला. उत्तर आता लिहितोय, रात्री सव्वा एकला.

आईनं दिली.

दादाचा रक्तगट बी. वहिनीचा ए, म्हणजे जुळत नाही. अदलाबदलीचं तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. माझा बी. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, क्रॉसमॅचही (दोघांचं रक्त एकमेकांशी जुळवून बघतात ती) झाली, जुळलं. डॉक्टर म्हणाले, भाऊ उत्तम दाता आहे, वय पस्तीस, ना रक्तदाब ना साखर.

त्या रात्री घरी जेवायला सगळे बसलो होतो. कुणी मला थेट विचारलं नाही. माझी बायको भात वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मुलगी चार वर्षांची होती. नोकरी नवी होती. माझ्या तोंडून "मी देतो" हे दोन शब्द यायला हवे होते. मी लोणचं मागितलं. आई म्हणाली, माझा ओ आहे ना, तो सगळ्यांना चालतो, आधी माझी बघा. आई एकसष्ट वर्षांची होती.

मला हायसं वाटलं. हे इथे लिहितोय कारण इथे मला कुणी ओळखत नाही.

रुग्णालयातल्या समितीसमोर तिला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? ती म्हणाली, "दबाव? माझाच आहे, त्याच्यावर. पथ्य पाळत नाही मेला." सगळे हसले, मीही हसलो. शस्त्रक्रियेनंतर सर्जन बाहेर येऊन म्हणाले, रक्त सोडल्या सोडल्या टेबलावरच लघवी सुरू झाली, फार चांगली किडनी आहे. जुन्या दोन तशाच आत ठेवतात, नवी खाली उजव्या कुशीत बसवतात, हेही तेव्हाच कळलं. दादा आता बरा आहे. सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळ्यांचा गजर. फिस्टुला अजून गुरगुरते पण पुतणी मोठी झाली, आता बघायला येत नाही.

फादरवरचा धागा मी का काढला ते आता तुम्हाला कळलं असेल. त्रिशूरच्या त्या सिस्टरनं गोष्ट सांगितली तेव्हा माझा तपासणीचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता.

---

टवाळ_टिटवी

यावर टवाळी सुचत नाही.

---

रात्रपाळी

मधलीसुट्टी, घाबरणं हे नकाराचं वैध कारण आहे. आम्ही दात्याला एकट्याला बसवून विचारतो, आणि "नको" म्हणाला तर घरच्यांना "वैद्यकीय कारणानं जमणार नाही" एवढंच सांगतो. तुमच्यासाठी ती खोली उघडायला हवी होती. तुमच्या आईसाठीसुद्धा.

---

निर्मळकर

एक विचारू? आई कशी आहे?

---

मधलीसुट्टी

ठणठणीत आहे. दात्याला दर वर्षी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासायला सांगतात. गेली दोन वर्षं ती टाळतेय, "मला काय झालंय" म्हणते, आणि मीही सोडून दिलं होतं. शनिवारी सकाळी सातची वेळ घेतलीय. उपाशीपोटी न्यायची आहे, म्हणून आदल्या रात्रीपासून भांडण ठरलेलं.